उताराला धरून राहील अशी गाडी

९ जानेवारी

ताई,

जुन्या गाडीच्या चेसिसला गेलेला तडा घाटातल्या त्या सकाळच्या आधीचा आहे. हे माझं म्हणणं नाही, मिस्त्रींचं आहे. आज त्यांनी गाडी वर उचलून घेतली, तारेच्या ब्रशने तडा घासला आणि मला खाली वाकायला लावून दाखवला. कडांना आतपर्यंत गंज धरलेला होता. "ताज्या जखमेवर खपली नसते," ते म्हणाले. "ही गाडी कितीतरी दिवस मोडक्या कण्यानं ट्रेलर ओढत होती. ब्रेक तापले, मागून ट्रेलरनं रेटा दिला, मग ती कुणाच्याच हातात थांबली नसती. बहिणीला सांग." म्हणून सांगते आहे.

फोनवर सांगितलं असतं. पण तू कामाला लागलीस त्या वजनकाट्यावरचा फोन तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि "राँग नंबर" म्हणून ठेवतेस. निदान आवाज तरी बदलत जा.

गाडी भंगारात जाईल. ट्रेलर दुरुस्त झाला आहे. वाचलेल्या पेट्यांमधल्या मधमाश्यांनी पावसाळ्यानंतर चांगला जोर धरला. मी एकेका वसाहतीच्या दोन केल्या, नव्या राण्या दिल्या. दरीत गेल्या तेवढ्या नाहीत, पण ट्रेलर पुन्हा भरलेला दिसतो. सगळ्या पेट्या पूर्वीसारख्या ट्रेलरवरच आहेत, मागच्या अंगणात, पूर्वेला तोंड करून.

आता ट्रेलर ओढायला गाडी हवी. पठारावरच्या शेतकरीण बाईंचा निरोप आला. सूर्यफूल गुडघ्याच्या वर आलंय, पुढच्या महिन्याच्या मध्यावर फुलेल. बाई सरळ बोलतात, तुला माहीत आहे. म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुम्ही परत जाताना काय झालं ते मी ऐकलं, वाईट वाटलं. पण माश्या आल्या नाहीत तर माझे दाणे पोचट राहतात. या वर्षी जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं कुणी बघते." दुसरं कुणी एकदा गेलं की ते शेत आपल्याकडे परत येत नाही. आणि इथे फेब्रुवारीनंतर फूल म्हणून राहत नाही. साखरेच्या पाण्यावर एवढी तोंडं किती दिवस जगवायची?

गाडी कशी पारखायची ते मला कळत नाही. माश्या माझ्या आणि चाकं तुझी, अशीच आपली वाटणी होती. काय बघायचं तेवढं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पाय बरा आहे. अण्णा बरे आहेत, फक्त कानातलं मशीन खिशात ठेवून "तुम्ही पुटपुटता" म्हणतात.

तुझी धाकटी


१७ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. अण्णांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "बाकीचं कुठे आहे?" मी म्हटलं, एवढंच आहे. तीन ओळी. "तडा जुना असेल. स्टिअरिंगवर मी होते. गाडी किती ओढते ते विचारू नकोस, ओढलेलं कसं थांबवते ते विचार."

मग आम्ही विचारायला गेलो. मी, मिस्त्री आणि अण्णा. अण्णांना घरी ठेवणार होते, पण ते आधीच बूट घालून फाटकाशी उभे होते.

शोरूममध्ये काचेसारखी फरशी आणि तिच्यावर एक प्रचंड पिकअप, चंदेरी. टाय लावलेला एक माणूस आला आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून तिची ताकद सांगू लागला. अमुक टन ओढते, तमुक घोडे आहेत.

मी विचारलं, "आणि थांबवते किती?"

"म्हणजे, मॅडम?"

"मागे भरलेला ट्रेलर आहे, लांब उतार आहे. थांबवते कशी?"

"ब्रेक तर आहेतच ना, मॅडम."

"ब्रेक आमच्या जुन्या गाडीलाही होते," अण्णा म्हणाले. नेमकं तेव्हा त्यांना ऐकू आलं.

मिस्त्रींनी माहितीपत्रक हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि अगदी तळाची बारीक ओळ वाचली. ते टन कधीचे, तर हौदा रिकामा आणि आत एकटा ड्रायव्हर असेल तेव्हाचे. हौद्यात सामान, पाण्याचे कॅन, शेजारी माणूस, हे सगळं त्यातून वजा करायचं. "आणि अण्णा?" मी विचारलं. "अण्णांना जड वस्तूंत धरा," मिस्त्री म्हणाले.

मी आत बसून पाहिलं. गाडी गादीसारखी मऊ. मिस्त्रींना ते पसंत पडलं नाही. ट्रेलरचं नाक मागच्या हुकावर बसलं की असली गाडी ढुंगणावर बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तुमचं ऐकेनासं होतं. तेवढ्यात टायवाल्यानं विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, मीच. तो माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला. ते स्टिअरिंगला टेकले होते. "सीट मागे घ्या ना, मॅडम." आधी बसलेल्या कुणीतरी ती पुढे ओढून ठेवली असेल. मी म्हटलं, राहू दे, असंच बरं आहे.

त्यानंतर आम्ही आणखी दोन गाड्या पाहिल्या. एकीची चाकं बारीक, एकीची लांबी कमी. मिस्त्री म्हणतात, आखूड गाडीला लांब ट्रेलर जोडला की ट्रेलर मालक आणि गाडी नोकर. घरी येताना अण्णा म्हणाले, "गाडी बघताय का जावई? एकाचं नाक आखूड, दुसऱ्याचे पाय बारीक. अशानं तुम्ही दोघी राहिलात तशाच राहाल."

दोघी, असं म्हणाले.

पाय बरा आहे.

धाकटी


२८ जानेवारी

ताई,

गाडी सापडली असं वाटतंय. खडीवाल्या ठेकेदाराची आहे, तो धंदा आवरतोय. डिझेल, लांब, मागे जुळी चाकं, खालचे स्प्रिंगचे पाटे असे की मिस्त्रींनी हौद्यात उभं राहून उड्या मारल्या तरी गाडी हलली नाही, फक्त मिस्त्री हलले. इंजिन ब्रेकचं बटण दाबलं की आतून गुरगुरते आणि उतारावर पाय रोवते. तू असतीस तर हुक बघायलाही खाली वाकली नसतीस, आधी आवाज ऐकत उभी राहिली असतीस. मिस्त्री म्हणाले, डोळे झाकून घ्या.

क्लच थोडा जड आहे. जमेल मला.

पण डोळे झाकून घ्यायचं नाही म्हणून मी ठेकेदाराला सांगितलं, आमचा ट्रेलर जोडून दाखवा. रिकामा नको, भरलेला. रिकामा ट्रेलर कुठलीही गाडी ओढते. आणि मला हेही बघायचं होतं की धक्क्यांनी आतली पोळी तुटतात का. म्हणून उजाडायच्या आधी पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या आणि माश्यांसकट ट्रेलर काढला. ठेकेदाराचा ड्रायव्हर चालवत होता. गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो, तिच्या उतारावर त्यानं गाडी मध्येच थांबवली. जागची हलली नाही. मी उतरून एकेका पेटीला कान लावला. सगळीकडे एकच सूर, खालच्या पट्टीत. कुठेही आरडाओरडा नाही. मला एवढं बरं वाटलं की मी त्या ड्रायव्हरला नमस्कारच केला.

तिथवर सगळं ठीक होतं.

परत आलो तर एका पेटीची जाळी सरकलेली. दहावीस माश्या बाहेर, त्यातल्या एकीला ड्रायव्हरचा कान आवडला. त्यानं फाटकाच्या आत शिरल्या शिरल्या ट्रेलर सोडला, गाडी काढली आणि मागे वळून न बघता गेला. संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, "बाई, कान बुटाएवढा झालाय, आता त्याला टोपी बसत नाही."

ट्रेलर राहिला फाटकापाशी, पश्चिमेला तोंड करून. त्याची जागा मागच्या अंगणात, घराला वळसा घालून. ऊन चढलं, बंद पेट्या तापायला लागल्या, दारं उघडणं भाग होतं. मी उघडली.

तुला पुढचं कळलंच असेल. पेटी हलवायची तर हातभर, नाहीतर गावाबाहेर. अण्णांनी आपल्याला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. आणि मी, माझ्याच माश्यांच्या बाबतीत, ते विसरले नव्हते ताई, मला ट्रेलर मागे घेता येत नव्हता. तू तो दर वेळी एका दमात त्याच दगडावर नेऊन टेकवायचीस. त्यामुळे आजपर्यंत हा प्रश्न आलाच नव्हता.

माश्या फुलांवर गेल्या आणि परत आल्या त्या जुन्या जागी. मी मागच्या अंगणात गेले तर तिथे काहीच नाही, ट्रेलरखालचा दगड आणि टायरच्या खुणा. आणि त्याच्यावर, जिथे एकेका पेटीचं दार असायचं, तेवढ्याच उंचीवर, त्या हवेत घिरट्या घालत होत्या. पायांना पराग चिकटलेले. दार शोधत होत्या. घर पन्नास पावलांवर होतं, पण त्यांच्या लेखी घर म्हणजे ती जागा. दुपारपर्यंत दमून दगडावर बसल्या, मूठमूठभर, एकमेकींना धरून.

मी दूधवाल्या काकांची पिकअप मागितली. ते आले, पण माश्या बघून किल्ली फाटकावर ठेवली आणि रस्त्यापलीकडून ओरडू लागले, "डावीकडे! अगं डावीकडे! तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" मी जाळीची टोपी घालून ट्रेलर मागे घेत होते. तीनदा गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटले. एकदा न्हाणीघराच्या भिंतीला कोपरा लागला. अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "ती भिंत तशीही पाडायची होती." सूर्य कलताना ट्रेलर दगडाशी पोचला. जरा तिरका, जागेपासून हातभर लांब. पण पूर्वेला तोंड करून. माश्या आत गेल्या.

मी तिथेच पायरीवर बसून राहिले. सगळ्या आत जाईपर्यंत.

पाय बरा आहे.

धाकटी


५ फेब्रुवारी

ताई,

या वेळी पाकीट! अण्णांनी ते हातात तोलून पाहिलं आणि "वजनदार आहे" म्हणाले. मी चालत चालत वाचायला सुरुवात केली.

"वाळूची पोती मिळत नाहीत का गावात? माश्या भरून चाचणी घेणारी तूच एक." इथे मी हसले. तुझा आवाज ऐकू आला.

"ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर ठेव. हात जिकडे, ट्रेलर तिकडे. थोडं वळव, थांब, बघ. घाई केलीस की घडी पडते." हे मी काकांच्या गाडीत जाऊन लगेच करून पाहिलं. ताई, एवढी साधी गोष्ट! इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी तुझ्या हातांकडे बघत होते आणि हे कधी दिसलं नाही. दुसऱ्या खेपेला ट्रेलर दगडावर. काका रस्त्यापलीकडे तोंड उघडून उभे होते, ओरडायला काही उरलं नव्हतं.

मग शेवटचा परिच्छेद वाचला.

"ठेकेदाराची गाडी चांगली आहे, पण तुझ्यासाठी नाही. क्लच नसलेली घे. पाय बरा असता तर प्रत्येक पत्रात लिहिलं नसतंस."

खरं आहे. डावा पाय क्लचवर थोडा वेळ ठेवला की थरथरतो. काकांच्या गाडीतून उतरताना मी दार धरून उभी राहिले आणि त्यांना वाटलं मी त्यांचे आभार मानते आहे. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, आता एवढंच. चालायला, पेट्या उचलायला काही अडत नाही. फक्त घाटभर क्लच जमणार नाही.

पण मला लागलं ते वेगळंच. ठेकेदाराची गाडी मी माझ्यासाठी बघतच नव्हते. शोरूममधली सीटही कुणी पुढे ओढलेली नव्हती, मीच ओढली होती. तुझे पाय पोचतात का ते बघायला. प्रत्येक गाडीत मी तेच करत होते. मिस्त्रींच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. मी धरून चालले होते की मी तुझ्या जोगी गाडी आणली की ती चालवायला तू येशील. आणि तू एका ओळीत सांगितलंस, तुझ्या पायापुरतं बघ.

रागावून मी दोन दिवस पत्र लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी रोपवाटिकेच्या बाईंकडे गेले.

त्यांच्याकडे एक पिकअप आहे, झाडांनी भरलेले ट्रेलर ओढायची. डिझेल, लांब, पाटे भक्कम, क्लच नाही. आणि पोपटी. मिस्त्रींनी रंग बघून आधी काळा चष्मा लावला. क्लच नसलेल्या गाड्यांवर त्यांचा विश्वास नाही. ते म्हणाले, "उतारावर ती स्वतःच्या मनानं गिअर बदलते. उतारावर मन एकाचंच असावं."

बाई म्हणाल्या, "आमचे हेही असंच म्हणायचे. क्लच नाही ती गाडीच नाही. मी म्हटलं, बरं, मग तुम्ही नका चालवू. आता ते मागच्या सीटवर घोरतात." मग त्यांनी मिस्त्रींना शेजारी बसवलं, मागे मातीच्या कुंड्यांनी भरलेला ट्रेलर होता, आणि टेकडीवर नेऊन दाखवलं. गिअर एका जागी बांधून ठेवता येतो. गाडी वर सरकत नाही, खालीच गुरगुरत राहते. ट्रेलरच्या ब्रेकची दांडी वेगळी, हाताशी. नुसता ट्रेलर धरायचा, गाडी नाही. उतरल्यावर मिस्त्रींनी एकेका चाकाच्या मध्याला हात लावून पाहिला. कोमट. त्यांनी चष्मा काढला.

"रंग बदलता येईल," ते मला हळूच म्हणाले.

मी अजून हो म्हटलेलं नाही. ही घेतली म्हणजे तुझं म्हणणं ऐकल्यासारखं होईल. सगळंच.

धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

घेतली.

शेतकरीण बाई म्हणाल्या, पहिली फुलं उमलली. वाट बघायला वेळ नव्हता. तेवढंच कारण आहे, आणखी काही समजू नकोस.

रंग तसाच ठेवला. अण्णा तिला "भाजीची गाडी" म्हणतात. त्यांनी आज सकाळी तिच्या चारी बाजूंनी फिरून टायरांना काठीनं ठोकून पाहिलं आणि शेवटी ड्रायव्हरच्या सीटकडे बघत विचारलं, "कोण बसणार?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग सीट मागे घे. उंटासारखी दिसतेस."

घेतली मागे.

परवा निघते. मिस्त्रींचा हुकूम आहे की वजन केल्याशिवाय घाट चढायचा नाही. घाटाच्या पायथ्याशी वजनकाटा एकच आहे. त्याला मी काय करू? उजाडताच पोचेन. ऊन चढायच्या आत पठारावर पोचायला हवं, त्यामुळे फार वेळ थांबता येणार नाही. तुझी पाळी नसेल तर तसं कळवू नकोस. पाळी तुझीच आहे असं समजून मी येईन.

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

पोचले. दुसऱ्या दिवशीच लिहायला बसले होते, पण काय लिहू सुचेना. तू तिथेच होतीस, सगळं तुला माहीत आहे. तरी मला गाडीतून जे दिसलं ते तुला दिसलं नसणार.

तू काट्याच्या खोलीच्या दारात आलीस तेव्हा हातात वजनाच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं आणि ते तू उलटं धरलं होतंस. माझ्याकडे बघितलं नाहीस. आधी टायर, मग हुक, मग साखळ्या, मग ट्रेलरच्या दिव्यांची तार. "पुढे घ्या," म्हणालीस. घ्या! मला. मग सगळ्याचं वजन, मग नुसत्या गाडीचं, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणालीस, "ट्रेलरचं नाक हलकं आहे. मागच्या दोन पेट्या पुढे हव्यात. अशीच गेलीस तर शेपूट हलवेल."

तेव्हा "गेलीस" म्हणालीस. मी मोजत होते.

पेट्या हलवायला दोघीच होतो. तू एका बाजूनं धरलीस, मी दुसऱ्या बाजूनं, आणि तुझ्या तोंडून "हं, उचल" निघालं, तसंच, शेवटी वर जाणारं. माझी पावलं तू बघत होतीस. मी मुद्दाम लंगडले नाही. मुद्दाम सरळही चालले नाही. जशी चालते तशी चालले.

मागून ट्रकवाला ओरडला, "अहो ताई, सहल आहे का?" आणि आपण दोघींनी एकदम मागे बघून त्याला म्हटलं, "थांबा जरा!" तो थांबला. त्याच्या जागी मीही थांबले असते.

मला म्हणालीस, "चढताना इंजिन किती तापलं त्याचा काटा बघत राहा. उतरताना गिअर दुसऱ्यावर बांध. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, दाबायचा आणि सोडायचा." मी विचारलं, "आणि?" तू म्हणालीस, "आणि काही नाही. मागे गाड्या उभ्या आहेत."

मला विचारायचं होतं, घरी कधी येतेस. मी विचारलं, "चहा घेतलास का?" तू मान हलवलीस, ती हो म्हणून का नाही म्हणून तेही कळलं नाही.

आता तुला न दिसलेली गोष्ट. मी काट्यावरून उतरून वळणाकडे निघाले तेव्हा तू चालत येऊन काट्यावर उभी राहिलीस. आम्हाला बघायला. खांबावरच्या मोठ्या लाल आकड्यांमध्ये तुझं एकटीचं वजन दिसत होतं. मला ते आरशात उलटं दिसलं, तरी वाचता आलं. खूप कमी झाली आहेस, ताई. जेवतेस का तिथे? की डबा उघडायच्या आत ट्रक येतात?

ज्या वळणावर आपण गेलो होतो तिथे कठडा नवीन बांधलाय. चढताना ते वळण डोंगराच्या बाजूला येतं, त्यामुळे दरी दिसली नाही. मी डोळे समोर ठेवले. पोपटीनं काही कुरकुर केली नाही. वर पोचल्यावर उतरून चाकांना हात लावला. पुढचं डावं जरा गरम होतं. मिस्त्रींना फोन करून विचारलं, ते म्हणाले एवढं चालतं.

इथे सगळीकडे पिवळं आहे. ट्रेलर मी बांधावर मागे घेऊन लावला, एका दमात. शेतकरीण बाई म्हणाल्या, "मोठीनंच शिकवलेलं दिसतंय." मी हो म्हटलं.

रोज सकाळी माश्या निघतात तेव्हा मी पेट्यांच्या मागे उभी राहते. बांधाच्या टोकावरून खालचा रस्ता दिसतो. हवा स्वच्छ असली तर तुमच्या काट्याचं पत्र्याचं छप्परही. उन्हात चमकतं. मग बराच वेळ मी कामाला लागत नाही.

धाकटी


११ मार्च

ताई,

सूर्यफुलांनी माना खाली घातल्या. पाकळ्या गळाल्या, दाणे भरले. शेतकरीण बाईंनी एक फूल फोडून तळहातावर दाणे घासून दाखवले, सगळे टपोरे. पुढच्या वर्षीचं आत्ताच बोलून ठेवलं. दुसरं कुणी बघणार नाहीत. अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांनी तीन वेळा "काय?" विचारलं. मला वाटतं पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

पेट्या जड झाल्या आहेत. वरच्या मजल्यांत मध गच्च भरलाय. एक पेटी एकटीला हलत नाही. म्हणजे चढताना जेवढं होतं त्यापेक्षा उतरताना बरंच जास्त असणार, आणि माझा सगळा सराव चढायचा आहे. गेले चार दिवस मी रिकामी गाडी घेऊन घाटाच्या तोंडापर्यंत जाते, पहिल्या वळणापर्यंत उतरते आणि परत येते. त्याच्या पुढे गेले नाही. हे मिस्त्रींना सांगितलेलं नाही. अण्णांनाही नाही.

काल तुझं कार्ड आलं. पुन्हा तीनच ओळी. मी ते शेतकरीण बाईंना वाचून दाखवलं, कारण इथे दुसरं कुणी नव्हतं आणि वाचल्याशिवाय राहवत नव्हतं.

"मध भरला म्हणजे वजन वाढलं. एकटी उतरू नकोस. रविवारी पहिल्या बसनं वर येते, पण चालवणार नाही. शेजारी बसेन."

बाई म्हणाल्या, "म्हणजे येतेय ना?" मी म्हटलं, शेजारी बसायला. त्या म्हणाल्या, "अगं, मग आणखी काय हवं?"

काय हवं ते मला माहीत आहे, पण ते रविवारी मागायचं नाही असं ठरवलंय.

तर असं करू. बस उजाडताना थांब्यावर येते, कंडक्टरला विचारून ठेवलंय. शनिवारी संध्याकाळी सगळ्या माश्या आत आल्या की मी जाळ्या लावून ठेवेन, म्हणजे सकाळी फक्त ट्रेलरचं नाक तपासायचं राहील. ते तूच बघ, माझ्या अंदाजावर माझा विश्वास नाही. गिअर दुसऱ्यावर बांधेन. ट्रेलरच्या ब्रेकची दांडी दोन सीटांच्या मधे आहे, तुझ्या हाताशी येईल. तिला हात लावायचा की नाही ते तुझं तू बघ. मी काही म्हणणार नाही. उतारावर तू मला कधीच बोलू दिलं नाहीस, तो नियम या वेळीही पाळू. त्या वळणावरसुद्धा. दोघी समोर बघू.

पायथ्याशी आलो की काट्यापाशी बाजूला घेईन. तू उतरून चाकांना हात लावून बघशील, मला माहीत आहे, सांगितलं तरी आणि नाही सांगितलं तरी. चाकं गार असली तर ऊन तापायच्या आत घर गाठायचं आहे. तुझी खोली तिथून चार पावलांवर. ड्रायव्हरच्या बाजूनं वळून तू खोलीकडे जाशील किंवा परत शेजारी येऊन बसशील.

मी इंजिन बंद करणार नाही.

तुझी,
धाकटी